सोन्याची नोंद कसाला लावताना

सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही काय करता? खरं सांगा. फोन उघडायचा, विषय टाइप करायचा, पहिली जी नोंद येईल ती कॉपी करायची, दोन-चार शब्द इकडचे तिकडे करायचे आणि पीपीटीला रंगीत बॅकग्राउंड लावून झोपायचं. मीही हेच करत आले. त्यामुळे तुम्हाला उपदेश करायला मी बसलेली नाही. फक्त माझ्या साताऱ्यातल्या रूममेटचं काय झालं ते सांगते.

ती बीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेऊन. गाव विट्याच्या बाजूला, सांगली जिल्ह्यात. त्यांच्या मॅडमनी एक जरा वेगळीच असाइनमेंट दिली. मूलद्रव्यावर माहिती लिहायची नव्हती. एखाद्या धातूवरची कोशातली नोंद घ्यायची आणि ती नोंद किती चांगली आहे ते तपासायचं. म्हणजे पेपर सोडवायचा नव्हता, तपासायचा होता! हिने सोनं निवडलं. कारण साधं होतं. घरात सोनं फारसं नाही, पण घर सोन्यावरच चालतं.

विटा, खानापूर, आटपाडी, शेजारचे खटाव, माण या भागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस दगा द्यायचा, शेतीत भागायचं नाही, म्हणून इथली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर गेली. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, पॉलिशची धूळ हे सगळं गाळून त्यातून शुद्ध सोनं-चांदी काढायची, ही गलाई. तमिळनाडू असो की पंजाब, सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात मराठी बोलणारा गलाईवाला भेटतोच. माझ्या रूममेटचे आण्णाही त्यातलेच, दक्षिणेत एका गावी असतात.

तर हिने इंटरनेटवरची एक नोंद घेतली आणि आण्णांना फोनवर वाचून दाखवली. त्यात एक वाक्य होतं, 'सोने कोणत्याही आम्लात विरघळत नाही.' पलीकडून आण्णा हसले. म्हणाले, "लिवणाऱ्याला आमच्याकडं धाड. दोन ॲसिडं एकत्र केली की सोनं साखरेगत इरघळतंय."

आण्णा नववीत शाळा सोडलेले. पण बरोबर तेच होते. नायट्रिक एक भाग आणि हायड्रोक्लोरिक तीन भाग घेतलं की आम्लराज तयार होतं. सोनं एकेकट्या आम्लाला दाद देत नाही, या मिश्रणात मात्र विरघळतं. हे आपण दहावीत वाचलंय! तरीही ती नोंद वाचताना आम्हा दोघींनाही काही खटकलं नव्हतं. छापलेलं दिसलं की आपलं डोकं बंदच होतं.

मग आम्ही ती नोंद नीट कसाला लावायचं ठरवलं. विकिपीडियावर लेखांना दर्जा देण्याची एक पद्धत आहे. अगदी त्रोटक लेखापासून सुरुवात होते आणि वरच्या टोकाला 'चांगला लेख' आणि 'निवडक लेख' असतात. इंग्रजी विकिपीडियात 'चांगला लेख' ठरायला सहा अटी आहेत. लेखन नीट हवं, माहिती पडताळता यायला हवी, विषयाची सगळी अंगं यायला हवीत, तटस्थता हवी, रोज उठून भांडणं होऊन बदलणारा लेख नको आणि चित्रं योग्य हवीत. या अटी आम्ही आमच्या सोयीने वापरल्या. तुम्हीही वापरून बघा.

आकडे आधी बघा

धातूच्या नोंदीत तपासायला सगळ्यात सोपे आकडेच. सोन्याचा अणुक्रमांक ७९, द्रवणांक सुमारे १,०६४ अंश सेल्सिअस, घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. पाठांतर नको, अंदाज हवा. घनता १९.३ म्हणजे पाण्याची एक लिटरची बाटली सोन्याने भरली तर त्या सोन्याचं वजन १९ किलोच्या वर जाईल. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, त्याहूनही जास्त! हे एकदा डोक्यात बसलं की कुठे दशांश चिन्ह घसरून १.९३ छापलं गेलं तर लगेच कळतं.

आणखी एक गंमत. सोन्याचा उत्कलनांक वेगवेगळ्या ग्रंथांत थोडा वेगळा सापडतो, २,८०० अंशांच्या आगेमागे. म्हणजे कोणीतरी चूकच केलीय असं नाही, इतक्या तापमानाला मोजणंच अवघड असतं. चांगली नोंद हा आकडा कुठून घेतला ते सांगते. वाईट नोंद नुसता आकडा फेकते.

कोण म्हणालं?

आम्ही तपासलेल्या नोंदीत संदर्भ होते तीन. त्यातली एक लिंक मेलेली. दुसरी एका दागिन्यांच्या दुकानाच्या जाहिरातीची. तिसरी उघडली तर तिथे हाच मजकूर शब्दशः! कोणी कोणाचं उचललं देव जाणे. तीन ठिकाणी एकच वाक्य दिसलं म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असं होत नाही. एकाच साक्षीदाराच्या तीन झेरॉक्स असू शकतात.

कधीचं आहे?

कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. पण 'भारतात सोने कोलार येथे मिळते' हे वर्तमानकाळातलं वाक्य अजून कुठेकुठे जिवंत आहे. आज कर्नाटकातल्या हट्टीचं नाव यायला हवं. हॉलमार्कचंही तसंच. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क बंधनकारक झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नोंदीत हे नसेल तर ती खोटी ठरत नाही, पण शिळी ठरते.

विकतेय की सांगतेय?

'सोने ही सर्वोत्तम गुंतवणूक आहे.' हे वाक्य कोशातलं नव्हे, काउंटरवरचं. 'सुवर्णभस्माने सर्व रोग बरे होतात' हेही तसंच. आयुर्वेदात सुवर्णभस्म वापरतात ही झाली माहिती. सगळं बरं होतं, हा झाला दावा. दाव्याला पुरावा मागायचा.

मराठी कळतेय का?

यंत्राकडून भाषांतर करून चिकटवलेली नोंद वासावरून ओळखता येते. आमच्या नोंदीत सोन्याला 'थोर धातू' म्हटलं होतं. आधी आम्हाला वाटलं, कौतुक चाललंय. मग लक्षात आलं, राजधातू म्हणायचं होतं! मराठीत शब्द नाहीत ही तक्रार सोन्याच्या बाबतीत तर चालणारच नाही. कस, कसोटी, टंच, मूस, लगड, बावनकशी असा सगळा शब्दसंग्रह आपल्या सराफ बाजारात तयार आहे. त्या नोंदीत यातला एकही शब्द नव्हता.

आणि हे मी साताऱ्यात बसून लिहितेय, जिथून वाई तासाभराच्या अंतरावर आहे. १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं, ते मुंबई-पुण्यात नाही, वाईत. पहिला खंड १९७६ साली आला. त्याआधी परिभाषासंग्रहाचा वेगळा खंड काढला होता, कारण कोणत्या संकल्पनेला कोणता मराठी शब्द हे आधी ठरवायला हवं होतं. पुढे वीस खंड झाले. आता ते ऑनलाइन फुकट वाचता येतात. विश्वकोशातली नोंद उघडली की शेवटी बघा, लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि संदर्भग्रंथ दिलेले असतात. नाव असलं की जबाबदारी येते. अर्थात जुनी नोंद असेल तर 'कधीचं आहे?' हा प्रश्न तिलाही विचारायचाच. शास्त्रीबुवांनी रागावायचं कारण नाही, ते स्वतः तर्कतीर्थ होते.

मोठ्या नावांनाही तपासावंच लागतं. 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने २००५ साली विकिपीडिया आणि ब्रिटानिकामधल्या विज्ञानाच्या ४२ विषयांवरच्या नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. म्हणजे एका नोंदीमागे साधारण चार आणि तीन. गंभीर चुका मात्र दोन्हीकडे चार-चार! ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. आपण घ्यायचं ते एवढंच, की बिनचुकीचा कोश कुठेच नाही.

जे लिहिलंच नाही ते

इथपर्यंत मजा चालली होती. सहावा प्रश्न उरला होता : विषयाची सगळी अंगं आली का? हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण चूक डोळ्यांना दिसते, गाळलेलं दिसत नाही. आम्हालाही दिसलं नसतं. पण रूममेटने फोनवर विचारलं, "आण्णा, ह्यात काय राहिलंय?"

थोडा वेळ ते खोकत होते. मग म्हणाले, "धूर कुठं हाय ह्यात?"

गलाईत अशुद्ध सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवतात आणि मग नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी राहतं. द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदीही परत मिळते. पुस्तकात वाचायला हे फार सुंदर आहे. पण या वेळी जो लालसर तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. तो छातीत गेला तर लगेच फार काही वाटत नाही. त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, फुप्फुसात पाणी होईपर्यंत जाऊ शकतो. धुळीतलं सोनं काढायला पारा वापरला तर त्याची वाफ वेगळीच. केडीएमच्या डागातल्या कॅडमियमचंही तेच, त्याच्या वाफा घातक म्हणूनच ती पद्धत मागे पडली. अरुंद बोळातली खोली, एक खिडकी, भट्टी आणि हा धूर. नोंदीत दागिने होते, राजेरजवाडे होते, ऑलिम्पिकचं पदक होतं. सोनं शुद्ध करणारा माणूस नव्हता.

रूममेट फोन ठेवून बराच वेळ गप्प होती. तिचा धाकटा भाऊ बारावीला आहे. परीक्षा झाली की आण्णांच्या हाताखाली जायचं, असं घरात बोलणं चाललंय. तो काही रसायनशास्त्राचा ग्रंथ उघडणार नाही. उघडलाच तर फोन उघडेल, आणि पहिली येईल ती नोंद वाचेल. हीच.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नोंदीचा दर्जा हा फक्त मार्कांचा विषय नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आपणच भर घालू. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यात कोणीही लिहू शकतं. लिहायला बसलो आणि अडलो. तिथला नियमच आहे की स्वतःचा अनुभव हा संदर्भ होत नाही, प्रकाशित आधार लागतो. वायूच्या परिणामांबद्दल आरोग्यविषयक पुस्तकं मिळाली, ते लिहिता आलं. आम्लराजाचं वाक्य दुरुस्त करायला तर पाठ्यपुस्तकच पुरलं. पण गलाईची कामं कशी चालतात, कोणत्या वस्तूला काय म्हणतात, पोरं कोणत्या वयात जातात, हे सगळं आण्णांच्या डोक्यात आहे आणि 'आण्णा म्हणाले' असा संदर्भ देता येत नाही. मला आधी या नियमाचा राग आला. नंतर पटलं. आजच्या आण्णांना चालू द्यायचं तर उद्या 'सर्व रोग बरे होतात' म्हणणाऱ्या काकांनाही चालू द्यावं लागेल.

मग वाट एकच उरते. कोणीतरी हे आधी नीट विचारून, पडताळून, छापून ठेवायला हवं. म्हणजे कोणी? तुम्ही आणि मी. रूममेट आता पदवीच्या प्रोजेक्टसाठी गलाईच्या कामाची नोंद करतेय. सुट्टीत गावी आलेल्या गलाईवाल्यांशी बोलतेय, शब्द टिपतेय. असाइनमेंटमध्ये तिने त्या नोंदीला दहापैकी चार दिले. मॅडमनी तिला दहापैकी नऊ दिले. एक का कापला, ते अजून सांगितलेलं नाही.

भावासाठी तिने एक पान लिहून काढलं : खिडकी-पंखा कसा हवा, धुराकडे तोंड करून उभं राहायचं नाही, छातीत भरून आलं तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. तो जाईल की नाही, अजून ठरलेलं नाही. पान मात्र आण्णांनीही मागून घेतलं.

आता तुमची पाळी. तुमच्या घरात कोणाचा तरी हात कुठल्या तरी धातूला लागतच असेल. वेल्डिंगचं वर्कशॉप, फाउंड्री, तांब्याची भांडी, भंगाराचं दुकान. त्या धातूची नोंद उघडा आणि त्या माणसाला वाचून दाखवा. शेवटी एवढंच विचारा, "ह्यात काय राहिलंय?" उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.