गव्हाची मशागत आणि नत्र

पिपरी मेघे हे गाव वर्धा शहराला लागून आहे. गावाची वस्ती वाढली, काही वावरांत घरे उभी राहिली. पण भोवतालची जमीन तीच, काळी. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. या जमिनीत सोयाबीन निघाले की नोव्हेंबरात गहू पेरतात.

समजा, एका धुऱ्याच्या दोन बाजूंना दोघे भाऊ गहू पेरतात. बी एकच, विहीर एकच, युरियाची पोतीही सारखीच. तरी धाकट्याचा गहू दाट आणि थोरल्याचा विरळ, पिवळट. असे का व्हावे?

सोयाबीन निघाल्यावर थोरल्याने वावर खोल नांगरले. त्याला वाटले, नांगरट खोल तेवढे पीक चांगले. पण पाऊस संपला होता. खालची ओली माती वर आली, वाऱ्याने सुकली, ढेकळे दगडासारखी झाली. अशा ढेकळांत बी कसे उगवेल? धाकट्याने वखराच्या दोन पाळ्या दिल्या. वरची तीन-चार बोटे माती भुसभुशीत झाली, तण मेले, आणि खालची ओल खालीच राहिली. खोल नांगरट वाईट नाही. हरळी माजली असेल तर करावीच, पण उन्हाळ्यात.

वखर केव्हा घालावा? मूठभर मातीचा लाडू वळा. कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आला. तसाच राहिला तर दोन दिवस थांबा.

आता युरिया पाहू. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते. नत्राने पान हिरवे होते, फुटवे येतात. फुटवे जास्त तर ओंब्या जास्त. नत्र कमी पडले की खालची पाने आधी पिवळी पडतात. झाड त्यांतले नत्र काढून कोवळ्या पानाला देते. आई आपल्या ताटातले लेकराला देते, तसेच हे.

ओलिताच्या, वेळेवर पेरलेल्या गव्हाला एकरी सुमारे ४८ किलो नत्र सांगतात. माती तपासून ते कमीजास्त करावे. निम्मे पेरताना द्यावे. डीएपीचे ५० किलोचे पोते दिले तर त्यातच ९ किलो नत्र असते. ते हिशेबात धरा, नाही तर वीस किलो युरियाचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा!

उरलेले निम्मे केव्हा? पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी. तेव्हा जमिनीलगत नवी मुळे फुटतात. त्यांना मुकुटमुळे म्हणतात. फुटवेही तेव्हाच निघू लागतात. ४५ किलोचे एक पोते आणि वर सात किलो युरिया टाका, लगेच हलके पाणी द्या. थोरल्याने भर उन्हात युरिया फेकला आणि पाणी चार दिवसांनी दिले. तोवर बरेचसे नत्र वाफ होऊन हवेत गेले.

जास्त टाकले तर? गहू माजतो, वाऱ्याने लोळतो. जुने उंच गहू तर थोड्या खतानेही लोळत. १९६० नंतरच्या दशकात मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे बी आले, तेव्हा खत पेलणारे ताट मिळाले. पण त्यालाही मर्यादा आहेच.

ओलीत नसेल तर एकरी १६ किलो नत्र, म्हणजे सुमारे ३५ किलो युरिया, पेरतानाच द्यावा. तो ओल्या मातीत पडला पाहिजे. मात्र बियाला चिकटून नको, कोंब जळतो. बियाच्या बाजूला, दोन बोटे खाली पडू द्या.