संगणकाचं बिऱ्हाड

मी बी. ए. झालेला कवी. संगणकाशी माझा संबंध कविता टंकित करण्यापुरता. तरीही आज संगणकाच्या एका स्थलांतराविषयी बोलणार आहे. स्थलांतर हा तर आपल्या बीड जिल्ह्याच्या घराघरातला विषय.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्याकडे निघतात. भांडी, गोधड्या, ज्वारीचं पीठ सोबत असतं. संसार तोच, पण कोपी तिथल्या जमिनीवर उभारायची आणि चूल तिथल्याच दगडांची मांडायची. लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली एका प्रोसेसरवरून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेतात, तेव्हा असंच काहीसं घडतं.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची आज्ञांची भाषा वेगळी. इंटेलचा प्रोसेसर एक भाषा जाणतो, मोबाइलमधला एआरएम दुसरी. लिनक्सचा बहुतेक भाग 'सी' भाषेत लिहिलेला आहे. कंपायलर नावाचा दुभाषा तो नव्या भाषेत उतरवून देतो. ही झाली सोबत नेलेली भांडीकुंडी. चूल मात्र हातानंच मांडावी लागते. वीज येताच पहिली आज्ञा कोणती, स्मृतीची वाटणी कशी करायची, एक काम अर्धवट ठेवून दुसरं हाती घेताना पहिल्याच्या खुणा कुठे जपायच्या, कळफलकानं हाक दिली तर ओ कशी द्यायची, हे सारं त्या त्या प्रोसेसरच्या रीतीनं लिहावं लागतं. लिनक्समध्ये अशा मजकुराचा कप्पाच वेगळा ठेवलेला आहे.

यात एक गंमतही आहे. आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. इंग्रज आधी वीस म्हणतो, मग पाच. मी उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितो, पण मध्येच आकडा आला की हात उलटा फिरतो. प्रोसेसरांतही असे दोन पंथ आहेत. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना कुणी धाकटा भाग आधी ठेवतो, कुणी थोरला. हे ध्यानात न घेतलेला प्रोग्राम नव्या यंत्रावर चालतो खरा, पण हिशेब चुकवतो. बंद पडलेलं यंत्र निदान लक्षात तरी येतं; चुकलेला हिशेब गुपचूप घात करतो.

लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिनक्स लिहिलं, ते फक्त इंटेलच्या ३८६ साठी. ते दुसरीकडे नेता येण्याजोगं नाही, असं तो स्वतःच तेव्हा सांगत होता. पण १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे तीन नवे प्रोसेसर दाखल झाले. मजकूर सर्वांसाठी उघडा होता, म्हणूनच हे घडलं.

आता आपल्याकडे पाहू. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला, तो ट्रान्सप्युटरवर. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे स्पार्क होते, २००३ च्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे पॉवर. महासंगणक आपला, पण मेंदू दर वेळी परका आणि वेगळ्या जातीचा. जात बदलली की प्रोग्राम नव्यानं बसवणं आलंच.

पुढे बर्कले विद्यापीठात २०१० साली 'रिस्क-फाइव्ह' या आज्ञाभाषेचं काम सुरू झालं. ती वापरायला परवाना शुल्क लागत नाही. तिच्यावर मद्रास आयआयटीनं 'शक्ती' आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं 'वेगा' हे प्रोसेसर घडवले. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीत ही भाषा दाखल झाली आणि त्याच वर्षी शक्तीच्या चिपवर लिनक्स सुरू झालं. या चिप बनल्या अमेरिकेत, इंटेलच्या कारखान्यात. तरी आराखडा आपला होता. प्रणाली बंद कुलपातली असती, तर आपल्या चिपला मालकाच्या उंबऱ्यावर ताटकळावं लागलं असतं. प्रणालीविना चिप म्हणजे चुलीविना कोपी.

यातलं काही आपल्या पोरापोरींना जमेल का? नवा प्रोसेसर हाती नसला तरी क्यूईएमयू नावाचा विनामूल्य प्रोग्राम साध्या संगणकात त्याची नक्कल उभी करतो. लिनक्सचा सगळा मजकूर वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. गेवराईची किंवा पाटोद्याची एखादी मुलगी तो वाचू शकते, दुरुस्ती सुचवू शकते. आणि ती पटली, तर तिची ओळ जगभरच्या यंत्रांत चालते. कोयता हाती घेऊन गाव सोडणाऱ्यांच्या या जिल्ह्यात, गावात बसून जगाच्या कामात हात घालण्याची वाट उघडी आहे. ती आपल्या शाळा-कॉलेजांतल्या संगणकांपर्यंत पोहोचवणं, एवढं तरी आपण करायलाच हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)