बाळगोळी आणि तराजू

गिरणीचा भोंगा व्हायच्या आत गिरणगावातल्या खोल्यांमधून एक काम उरकलेले असे. तान्ह्याच्या तोंडात अफूची ‘बाळगोळी’ जाई आणि आई कामाची वाट धरी. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टर बाईंनी मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू मिळत असल्याचे आढळले.

आयांना नावे ठेवण्यापूर्वी त्यांचा दिवस पाहावा. त्याच साली सुधारलेल्या कारखाना कायद्यानेही ११ तासांची पाळी चालत होती.

१९२१ मध्ये मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू झाले. आकडा जपूनच वाचायला हवा. कितीतरी जणी बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद तिकडे, मृत्यूची इकडे. पण त्यातून हवे तेवढे वजा केले, तरी अंगावर काटा येतोच.

यावरचा एक उपाय पॅरिसमध्ये सुरू झाला होता. तिथल्या शारिते रुग्णालयात पिएर ब्यूदँ यांनी १८९२ मध्ये बाळांसाठी सल्ला केंद्र उघडले. बाळंतीण घरी गेली तरी ठरल्या दिवशी मूल घेऊन यायचे, ते तराजूत ठेवायचे, वजन टिपायचे. अंगावरच्या दुधाचा आग्रह. ते पुरत नसेल तर निर्जंतुक केलेले दूध. आजारी नसलेले मूल डॉक्टरकडे न्यायचे, हेच तेव्हा नवल होते. ही पद्धत पुढे इंग्लंडमध्ये रुजली आणि १९२० नंतर मुंबईच्या कामगार वस्तीतही अशी केंद्रे निघाली.

अफूवर तराजूइतका चोख साक्षीदार नाही. गुंगीतले बाळ रडत नाही, दूध मागत नाही. घरच्यांना ते शहाणे वाटते. वजन मात्र घटत जाते आणि काटा ते लपवत नाही.

पण पुढे काय? ‘अंगावर पाजा’ हा सल्ला खरा, तरी रोज बुडवून घरी बसणार कोण? सल्ला केंद्राच्या हातात याचे उत्तर नव्हतेच. कामगार नेते ना. म. जोशींचे प्रसूती भत्त्याचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात फेटाळले गेले. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तशाच विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले. लोकांचे कल्याण राखणे हे मुळात सरकारचे काम, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला. पैसे द्यायचे मात्र मालकांनीच, असे त्यात ठरले.