धावड्याची वाट नकाशात कशी शोधावी

धावडा हे गाव भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगराजवळ आहे. डोंगराच्या धारेपलीकडे पडलेला पाऊस वाघूरमधून तापीला जातो. अलीकडे पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून पूर्णेला आणि पुढे गोदावरीला मिळतो. उतार सौम्य, माती काळी, शिवारात मका, कापूस, सोयाबीन आणि मिरची. पायी फिरायला याहून चांगला मुलूख कशाला हवा? तरीही सुट्टीत चालायला जायचे म्हटले की आपल्याला गड आठवतो, नदीकाठचे शिवार आठवत नाही.

इंग्लंडमध्ये याच्या उलट आहे. तिथे लोक नदीच्या साध्यासुध्या खोऱ्यात, शेतांच्या कडेने, दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीतून दिवसभर चालतात आणि कोणी अडवत नाही, कारण ती वाट सार्वजनिक हक्काची म्हणून नोंदलेली असते. 1949 च्या कायद्याने तिथल्या जिल्हा परिषदांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. इंग्लंड आणि वेल्स मिळून या वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. पिवळा बाण असेल तर वाट फक्त पायी जाणाऱ्यांची, निळा असेल तर घोडा आणि सायकललाही मुभा. शेतामधून जाणारी वाट शेतकऱ्याने नांगरली, तर पेरणीच्या पहिल्या मशागतीनंतर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मला या व्यवस्थेतले हे कलम सर्वांत मोलाचे वाटते. शेतीही चालू राहते आणि वाटही मोडत नाही.

आपल्याकडे असे काहीच नाही, असे मात्र समजू नये. वाटा आहेत, त्यांची नोंदही आहे. ती वाचायची कशी, एवढेच माहीत करून घ्यायला हवे.

आधी जमीन वाचावी. खोऱ्यातली वाट सहसा तीन जागी सापडते. बैलगाडीची जुनी वाट दोन ओढ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून जाते, कारण पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतते आणि उंचवटा लवकर वाळतो. गुरांची वाट पाणवठ्याकडे उतरते. माणसांची वाट गावाहून गावाला, शक्य तितकी सरळ. जिथे नदीचे पात्र रुंद, उथळ आणि खडकाळ होते, तिथे या वाटा एकत्र येऊन पलीकडे जातात. ती उताराची जागा.

या गोष्टीची मोठी साक्ष याच जिल्ह्यात आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईजवळ केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात मराठ्यांची फौज आणि तोफा उभ्या होत्या. पुढे वॉटर्लूमुळे जगभर नाव झालेला आर्थर वेलस्ली केळनेच्या अलीकडे होता. समोरून नदी ओलांडावी तर तोफांच्या तोंडी जावे लागत होते, आणि जवळपास दुसरा उतार नाही असे वाटाडे सांगत होते. त्याला दुर्बिणीतून दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरुड अशी दोन गावे दिसली. मधून ये-जा करायची सोय नसती तर माणसांनी अशी समोरासमोर वस्ती केली नसती, असा तर्क त्याने केला. माणूस पाठवून पाहिले तर उतार होता. लढाईत दोन्ही बाजूंची हजारो माणसे पडली, त्याचा आनंद मानण्यासारखे काही नाही. पण तो तर्क आजही खरा आहे. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावे दिसली की मध्ये वाट शोधावी.

आता नकाशा. गावनकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरही गटांच्या हद्दी दिसतात. गावनकाशावर तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग आणि तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांचा हिशेब सोपा आहे. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची; 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. अर्धी साखळी साडेसोळा फूट, पाव साखळी सव्वाआठ. शेताची मोजणी आणि वाटेची मोजणी एकाच साखळीने झाली, म्हणून नकाशावरची ती बारीक तुटक रेषा गटाच्या हद्दीइतकीच गांभीर्याने घ्यायची.

गावनकाशात चढउतार दिसत नाहीत. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा शेजारी ठेवावा. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा दाट असतील तिथे चढ खडा, विरळ असतील तिथे सपाटी. वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला नियम अजून वापरतात: साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. मराठवाड्याच्या उन्हात मी यावर निम्मा वेळ वाढवीन. बारा किलोमीटरचा फेरा ठरवला असेल तर सकाळी सहाला निघावे.

फेरा आखताना जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी ठेवावी. एसटी थांबते तिथून सुरुवात करावी, ओढ्याच्या कडेने वर डोंगराकडे जावे, आणि परतताना उंचवट्यावरची गाडवाट धरावी. पुढचे शिवार दिसत राहते आणि रस्ता चुकत नाही. ऋतू म्हणाल तर दिवाळीनंतर माघापर्यंतचा. पावसाळ्यात काळा चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो, आणि डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढ्याला अचानक लोंढा येतो. पाणी गढूळ होऊन काडीकचरा वाहू लागला तर पात्रात उतरू नये, थांबावे.

शिवारात काही गोष्टी सांभाळायच्या असतात. पिकातून न जाता धुऱ्याने चालावे. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेताभोवती झटका यंत्राची तार लावलेली असते. तारेला हात लावू नये, मुलांना आधीच सांगून ठेवावे. कठडा नसलेल्या विहिरी गवतात दिसत नाहीत. भेटेल त्याला आपणहून रामराम घालावा आणि कुठे निघालो ते सांगावे. मिरचीची तोडणी चालू असेल तर तिथली माणसे पुढचा ओढा कुठे ओलांडायचा हे नकाशापेक्षा नेमके सांगतात.

आणि वाट नकाशावर आहे पण जमिनीवर नाही, असे झाले तर? हे फार ठिकाणी होते. धुरा कोरत कोरत पाणंद चार फुटांवर येते, मग काट्या पडतात, मग पेरा होतो. चालायला आलेल्या पाहुण्याने तिथे वाद घालू नये, वळसा घ्यावा. पण गावकऱ्यांच्या हातात साधने आहेत. 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 प्रमाणे वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार दूर करायला लावू शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, आणि कितीतरी वाटा ही मुदत टळल्यामुळेच अडचणीत येतात. रस्ता मुळातच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते, पण हा हक्क शेतकऱ्याचा, आपल्या शेतात जाण्यापुरता. 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्ते पक्के करायला पैसे मिळू लागले, आणि 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय झाला. हे सगळे ट्रॅक्टर शेतात पोचावा म्हणून आहे, आणि ते योग्यच आहे. नोंद होताना एकेरी तुटक रेषेचे पायमार्गही त्यात यावेत, यासाठी ग्रामसभेत गावनकाशा घेऊन जावे आणि वाटांची यादी वाचून दाखवावी. ज्यांनी त्या वाटेने शाळा गाठली अशी म्हातारी माणसे गावात आहेत तोवर ती यादी पुरी होऊ शकते.