पुरातन मोटारींसाठी इंजिन तेलाची निवड : श्यानता, समावेशके आणि इंजिनाची रचना

प्रास्ताविक

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत सुधारणा करून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ या सदराखाली स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. ही नोंदणी मिळण्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याच्या सांगाड्यात, बाह्यांगात वा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत, अशी अट आहे. त्यामुळे जुन्या मोटारीचे मूळ इंजिन टिकवणे ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. अशा इंजिनाचा झिजलेला कॅमशाफ्ट किंवा वितळलेले बेअरिंग बदलायचे म्हटले तर सुटा भाग सहसा बाजारात मिळत नाही आणि तो घडवू शकणारे कारागीरही थोडेच उरले आहेत. असे असूनही, ज्या वस्तूवर या भागांचे आयुष्य सर्वाधिक अवलंबून असते त्या इंजिन तेलाची निवड मात्र बहुधा ऐकीव माहितीवर होते.

या विषयात सामान्यतः दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार निर्मात्याच्या मूळ पुस्तिकेत जे तेल सांगितले असेल तेच अक्षरशः वापरावे. दुसऱ्या मतानुसार तेलाचे तंत्र शंभर वर्षांत इतके पुढे गेले आहे की आज मिळणारे सर्वांत महाग व सर्वांत नवे तेलच जुन्या इंजिनालाही सर्वोत्तम ठरेल. ही दोन्ही मते अर्धसत्य आहेत. तेलाची श्यानता, म्हणजे त्याचा घट्टपणा, पुस्तिकेवरून ठरवावा. परंतु तेलातील रसायने मात्र इंजिनाची रचना आणि त्याची आजची अवस्था पाहून ठरवावीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

श्यानता : पुस्तिकेतील आकड्याचा अर्थ

फिरता दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो तो दांड्याच्या फिरण्यामुळेच दाब निर्माण करतो आणि दांड्याला उचलून धरतो. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी १८८३ मध्ये रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करताना ही गोष्ट दाखवून दिली आणि १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी तिची गणिती उपपत्ती मांडली. या थराची जाडी दांड्याच्या वेगावर, त्यावरील भारावर आणि तेलाच्या श्यानतेवर अवलंबून असते. पहिल्या दोन गोष्टी इंजिनाने ठरवलेल्या असतात. मोटारमालकाच्या हाती उरते ती तिसरी.

अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलांची श्यानतेनुसार वर्गवारी सुरू केली. आजच्या मानकानुसार एसएई ३० या वर्गाच्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, एसएई ४० ची १२.५ ते १६.३ आणि एसएई ५० ची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावयास हवी. हा आकडा केवळ घट्टपणा सांगतो. तेलाच्या गुणवत्तेविषयी, शुद्धतेविषयी वा त्यातील रसायनांविषयी तो काहीही सांगत नाही. १९३० च्या पुस्तिकेतील ‘एसएई ४०’ आणि आजच्या डब्यावरील ‘एसएई ४०’ ही घट्टपणाने सारखी, पण रासायनिकदृष्ट्या सर्वस्वी वेगळी तेले असू शकतात.

‘२०डब्ल्यू-५०’ यांसारख्या बहुश्रेणी तेलांतील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. २०डब्ल्यू वर्गाच्या तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांना होते, तर ५डब्ल्यू तेलाची उणे ३० अंशांना. मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात असे तापमान कधीच येत नाही. त्यामुळे ‘डब्ल्यू जितका कमी तितके तेल चांगले’ हा युरोप-अमेरिकेतील हिवाळ्यासाठी योग्य असलेला नियम आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. साधे एकश्रेणी एसएई ३० तेलही येथील हवामानात सुरू होताना त्रास देत नाही. अर्थात खनिज तेलाची श्यानता ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत आठ-दहा पटींनी घटते. बहुश्रेणी तेलातील बहुवारिके ही घट कमी करतात, आणि तेवढ्या पुरते बहुश्रेणी तेल सरस आहे. गिअरच्या दात्यांमध्ये ही बहुवारिके चिरडली जाऊन तेल पातळ होते, हे मात्र विसरता कामा नये. १९५९ मध्ये आलेल्या ‘मिनी’ मोटारीत गिअरबॉक्स इंजिनाच्याच तेलात बुडालेला होता. अशा गाडीत तेल पुस्तिकेतील अंतराच्या आतच बदललेले बरे.

जुन्या इंजिनांमध्ये भागांमधील फटी आजच्या इंजिनांपेक्षा मोठ्या असतात. त्यामुळे ०डब्ल्यू-२० सारखे अतिपातळ तेल त्यांत घालणे म्हणजे थर टिकण्यापूर्वीच तो निसटू देणे होय. याच्या उलट टोकाचा समजही तितकाच घातक आहे. ‘जुनी गाडी, मग तेल घट्टच हवे’ असे म्हणून सरसकट २०डब्ल्यू-५० ओतणारे पुष्कळ आहेत. १९२७ ते १९३१ या काळात निर्माण झालेल्या फोर्ड मॉडेल ए चे उदाहरण घेऊ. तिच्यातील लहान पंप तेल झडपांच्या कप्प्यापर्यंत उचलतो; तेथून ते केवळ गुरुत्वाकर्षणाने नळ्यांतून मुख्य बेअरिंगकडे उतरते, आणि कनेक्टिंग रॉडच्या तळाशी असलेल्या पळ्या तळातील तेल उडवून बाकीच्या भागांना भिजवतात. त्याआधीच्या मॉडेल टी मध्ये तर पंपही नव्हता. फिरणारे चाकच तेल उडवीत असे. जेथे तेल दाबाने ढकललेच जात नाही तेथे ते फार घट्ट असले तर वेळेवर पोहोचत नाही.

समावेशके आणि सेवावर्ग

१९२० च्या दशकातील इंजिन तेल म्हणजे बहुतांशी गाळलेले खनिज तेल होते. शर्यतीच्या गाड्यांत आणि पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांत एरंडेल वापरीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि त्याचा थर चिवट असतो. मात्र ते तापून चिकट राळ बनते आणि खनिज तेलात नीट मिसळत नाही. पुढे तेलात हेतुपुरस्सर रसायने घालण्यास आरंभ झाला. त्यांना समावेशके किंवा गॅरेजच्या भाषेत ॲडिटिव्ह म्हणतात. गंज रोखणारी, ऑक्सिडीकरण थोपवणारी, फेस मोडणारी, मळ धुणारी आणि झीज कमी करणारी अशी ती नाना प्रकारची असतात.

डब्यावरील ‘एपीआय’ या अक्षरांपुढे जी एसए, एसबी यांसारखी अक्षरे येतात ती या समावेशकांच्या कसोट्यांची पायरी दर्शवितात. एसए हे समावेशके नसलेले तेल. १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही, असे खुद्द अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच सांगते. एसबी विषयी हीच मर्यादा १९५१ ची आहे. तेव्हा ‘जुन्या गाडीला जुन्या पद्धतीचे साधे तेल’ हा युक्तिवाद १९५५ च्या मोटारीला लागू करणे सरळ सरळ चुकीचे आहे.

प्रक्षालक तेल आणि तळाचा गाळ

सर्वाधिक वाद प्रक्षालक तेलावरून होतो. यातील समावेशके काजळी आणि डिंकासारखा मळ पृष्ठभागांवरून सोडवतात व त्याचे कण तेलात तरंगत ठेवतात. पुढचे काम गाळणीचे असते. परंतु पुष्कळ जुन्या इंजिनांना तेलाची गाळणीच नाही. तेथे साध्या तेलातील मळ संपाच्या, म्हणजे गॅरेजमधील ‘चेंबर’च्या, तळाशी बसत असे, आणि वेळोवेळी चेंबर उतरवून तो खरवडून काढणे ही देखभालीचीच एक बाब होती.

यावरून गाळणी नसलेल्या गाडीत प्रक्षालक तेल कधीच वापरू नये, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. तरंगणारे कण सूक्ष्म असतात आणि तेल बदलताना त्याच्याबरोबर बाहेर पडतात; तेल लवकर बदलले, तर गाळणीचा अभाव बऱ्याच अंशी भरून निघतो. मॉडेल ए च्या मालकाला ५०० मैलांनी, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरनी, तेल बदलण्यास सांगितले जाई, ते उगीच नव्हे. खरा धोका वेगळा आहे. ज्या इंजिनात तीस-चाळीस वर्षे साधे तेल वापरले गेले आणि जे कधी उघडलेच नाही, त्यात प्रक्षालक तेल घातले की जुना गाळ सुटतो, पंपाच्या जाळीवर किंवा तेलाच्या अरुंद मार्गांत जाऊन बसतो, आणि बेअरिंग कोरडे पडते. बॅबिट धातूची, म्हणजे कथील, अँटिमनी व तांबे यांच्या मऊ मिश्रधातूची, ओतीव बेअरिंगे अशा कोरडेपणात थोड्याच वेळात वितळतात.

म्हणून प्रश्न गाडी कोणत्या साली बनली हा नसून चेंबरमध्ये काय आहे हा आहे. इंजिनाचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर कोणतेही नवे तेल घालण्यापूर्वी चेंबर उतरवून पाहावा. गाळ असेल तर तो हाताने काढावा, तेलाचे मार्ग स्वच्छ करावेत आणि मग निःशंकपणे प्रक्षालक तेल वापरावे. उतरवणे शक्यच नसेल, तर आजवर चालत आलेले तेलच चालू ठेवणे अधिक सुरक्षित होय.

जस्त आणि फॉस्फरस यांचा प्रश्न

झीज रोखणाऱ्या समावेशकांत झिंक डायआल्किल डायथायोफॉस्फेट, संक्षेपाने झेडडीडीपी, हे सर्वांत महत्त्वाचे. १९४० च्या दशकापासून ते तेलात वापरले जाते. उष्णता व दाब यांमुळे ते विघटित होऊन पोलादावर फॉस्फेटचा काचेसारखा अतिसूक्ष्म थर तयार करते. तेलाचा थर जेथे टिकत नाही तेथे हा थर धातूचे धातूशी घर्षण होऊ देत नाही. कॅमचे टोक सपाट टॅपेटवर घासते ती जागा नेमकी अशीच आहे.

अडचण अशी की धुराड्यातून जाणारा फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील उत्प्रेरकाला निकामी करतो. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण सक्तीचे झाले. अमेरिकेत ते १९७५ पासूनच आले होते. परिणामी तेलातील फॉस्फरसावर मर्यादा आल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी ती ०.१२ टक्के होती, दशकाच्या उत्तरार्धात ०.१० झाली, आणि २००४ मध्ये एसएम वर्गाबरोबर ०.०८ टक्क्यांवर उतरली. नव्या इंजिनांत टॅपेटच्या जागी बहुधा रोलर असल्याने त्यांचे बिघडले नाही. जुन्यांची चिंता मात्र रास्त आहे.

तथापि या चिंतेला दोन मर्यादा आहेत आणि त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की ही ०.०८ टक्क्यांची मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या वर्गांनाच लागू आहे. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० तेलांवर ती नाही. त्यांत फॉस्फरस अधिक असू शकतो, आणि निर्मात्याच्या माहितीपत्रकावरून त्याची खात्री करता येते. दुसरी मर्यादा इंजिनाच्या रचनेची. मॉडेल टी किंवा मॉडेल ए यांच्या झडपांच्या स्प्रिंगा इतक्या नरम आहेत की झेडडीडीपीचा शोध लागण्यापूर्वीही ती इंजिने सुखाने चालत होती. खरी गरज आहे ती १९५० ते १९८० या काळातील, वर झडपा आणि खाली कॅमशाफ्ट असलेल्या, कडक स्प्रिंगांच्या इंजिनांना. आणि त्यांतही नवा कॅमशाफ्ट बसवल्यावरची पहिली वीस-तीस मिनिटे निर्णायक असतात. त्या वेळी इंजिन मंद न ठेवता मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर चालवावे लागते, म्हणजे कॅमला पुरेसे तेल उडते.

आपल्याकडील जिव्हाळ्याचे उदाहरण म्हणजे कुर्ला येथे तयार झालेली फियाट ११००, जी १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी निवृत्त झाली. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात सपाट टॅपेट आहेत, तेलाचा पंप आहे आणि दाबाने वंगण होते. तिच्यासाठी त्या काळी सर्रास वापरले जाणारे २०डब्ल्यू-४० किंवा आजचे १५डब्ल्यू-४० हे खनिज तेल, फॉस्फरस ०.१० टक्क्यांच्या आसपास पाहून घेतले, तर पुरेसे आहे. महाग कृत्रिम तेलाने तिचे नुकसान होईलच असे नाही. पण जुन्या आक्रसलेल्या सीलांमधून ते गळण्याचा संभव अधिक. बाजारात जस्ताच्या बाटल्या वेगळ्या मिळतात. त्या ओतून प्रमाण वाढवत नेण्याची हौस मात्र टाळावी. हे द्रव्य अति झाले तर झीज कमी होण्याऐवजी वाढते.

उभ्या गाडीतील तेल

व्हिंटेज नोंदणीची मोटार नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर पडते. साहजिकच तिचे तेल किलोमीटरवर मोजून चालत नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील काही भाग पिस्टनच्या कड्यांवरून निसटून चेंबरमध्ये उतरतो आणि ज्वलनातील आम्लांसह तेलात मुरतो. इंजिन पूर्ण तापल्याशिवाय ते बाहेर पडत नाही. दर रविवारी पाच मिनिटे इंजिन सुरू करून ठेवण्याची प्रेमळ सवय याच कारणाने अपायकारक ठरते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी.

महाराष्ट्रात बहुतेक जुन्या गाड्या जूनपासून झाकून ठेवल्या जातात. दमट हवेत, आम्लयुक्त तेलात चार महिने बुडालेली बेअरिंगे कुजत राहतात, आणि मालक मात्र ऑक्टोबरात गाडी बाहेर काढताना नवे तेल घालतात. क्रम उलटा हवा. मे महिन्याच्या अखेरीस, इंजिन गरम असतानाच जुने तेल काढून नवे घालावे, गाडी थोडी फिरवून ते सर्व भागांना लागू द्यावे आणि मगच गाडीवर आच्छादन घालावे.