शेवटच्या पायरीची घाई

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असें मानण्याची आपल्या सुशिक्षित घरांतील जुनी रीत आहे. त्यांतून तो खेळ संगणकाच्या पडद्यावरचा असला, तर वडील मंडळी त्याचें नांवही ऐकून घेत नाहींत. परंतु ज्या गोष्टींत घरांतील मुलें व कमावते तरुण रोजचे दोन-दोन तास घालवितात, ती नीट न पाहतां तिची निंदा करणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. आम्हीं गेलें वर्षभर सुटीच्या दिवशीं आमच्या भाच्याच्या शेजारीं बसून या खेळांची थोडीफार माहिती करून घेतली. तींत आम्हांला एक असा वाद आढळला, कीं जो शाळेंत संस्कृत शिकवितांना आम्ही निराळ्या शब्दांत जन्मभर ऐकत आलों होतों. मौज चढण चढण्यांत आहे, कीं ती लवकर संपवून शिखरावर जाऊन बसण्यांत आहे, असा तो वाद.

ज्यांना या खेळांचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. हजारों माणसें आपापल्या घरून एकाच वेळीं एका कल्पित जगांत उतरतात. प्रत्येकाचा एक वीर असतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी सोबत्यांच्या जखमा बऱ्या करणारा. आरंभीं तो पहिल्या पायरीवर असतो. पायरीला खेळाडू ‘लेव्हल’ म्हणतात. कोणाचा निरोप पोंचवावा, रानांतील श्वापदें मारावीं, एखादी गुहा धुंडाळावी, कीं अनुभवाचे गुण मिळतात. ते पुरेसे सांठले म्हणजे वीर एक पायरी वर चढतो आणि त्याला एखादी नवी विद्या लाभते. शेवटची पायरी गांठली म्हणजे खेळ संपतो, असें मात्र नाहीं. तेथें दुसराच खेळ सुरू होतो. त्याला ‘एंडगेम’ असें नांव आहे. मोठ्या टोळ्या जमवून बलाढ्य राक्षसांवर स्वाऱ्या करावयाच्या आणि आठवड्यागणिक अधिक चांगलीं शस्त्रें मिळवावयाचीं, असें त्याचें स्वरूप असतें.

पायऱ्यांची ही कल्पना प्रथम कागदावर जन्मली. १९७४ मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ काढला. टेबलाभोंवतीं बसून, फांसे टाकून व तोंडानें बोलून तो खेळावयाचा असे. पुढें १९७८ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं ‘मड’ हा खेळ संगणकावर रचला. त्यांत चित्र नव्हतें; सारें जग शब्दांनीं वर्णिलेलें होतें. त्यांत जो सर्वांत वर चढे, तो ‘विझर्ड’ होई आणि त्या जगावरच त्याला कांहीं अधिकार प्राप्त होत. म्हणजे तेथें शिखर हें खरोखरीचें शिखर होतें. आपल्याकडील मोक्षपटाची रचना या दृष्टीनें आठवण्यासारखी आहे. परंपरा ज्याचें नातें ज्ञानदेवांशीं जोडते, त्या पटावर शिड्या चढत व सर्पांच्या तोंडीं पडत खेळणारा शेवटच्या घरांत पोंचला, कीं त्याचा डाव संपला.

दरमहा वर्गणी घेऊन चालणारे खेळ आले आणि ही स्थिति पालटली. १९९९ सालचा ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत सुरू झालेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे त्यांतील ठळक होत. वर्गणीदारानें डाव संपवून उठून जावें, हें चालकांना परवडणारें नव्हतें. तेव्हां शिखरावरच्या मंडळींसाठीं नवीं नवीं कामें निघूं लागलीं. आणि तीं पुरेनाशीं झालीं, कीं शिखरच उंच होऊं लागलें. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ मधील शेवटची पायरी आरंभीं ६० वी होती. २००७ मध्यें ती ७० वी झाली, २००८ मध्यें ८० वी, २०१० मध्यें ८५ वी, २०१२ मध्यें ९० वी, २०१४ मध्यें १०० वी, २०१६ मध्यें ११० वी आणि २०१८ मध्यें १२० वी. मग २०२० मध्यें चालकांनीं सगळेंच माप आंखडून घेतलें व शेवटची पायरी पुन्हां ६० वर आणून ठेविली. २०२२ मध्यें चढती कमान पुन्हां सुरू झाली. सोळा वर्षें ज्यानें केवळ शेवटच्या आंकड्याचा ध्यास घेतला असेल, तो आंकड्यापुरता जेथल्या तेथें आला.

शस्त्रांची गोष्टही तीच. पहिल्या काळांत चाळीस-चाळीस जण एकत्र जमून, महिनोन्महिने स्वाऱ्या करून उत्तम आयुधें मिळवीत. २००७ मध्यें नवा प्रदेश खुला झाला, तेव्हां तेथील अगदीं पहिल्या कामांच्या साध्या बक्षिसांपुढें त्यांतील कितीएक आयुधें फिकीं पडलीं. कालचा भिकारी आणि कालचा महारथी एका सकाळीं एकाच रांगेंत उभे राहिले. असल्या शिखरावर घर बांधतां येत नाहीं, राहुटी तेवढी ठोकतां येते.

चढणीचें गणित दुसऱ्या एका खेळांत फार स्पष्ट दिसतें. इंग्लंडांतील गावर बंधूंनीं २००१ मध्यें सुरू केलेल्या ‘रूनस्केप’ची जुनी आवृत्ति २०१३ मध्यें ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नांवानें पुन्हां खुली करण्यांत आली. त्यांत मासे धरणें, लांकूड तोडणें, स्वयंपाक करणें, लोहारकाम करणें अशा प्रत्येक विद्येच्या स्वतंत्र ९९ पायऱ्या आहेत. ९९ वी पायरी गांठावयास एकंदर १,३०,३४,४३१ गुण लागतात. आणि ९२ वी गांठावयास ६५,१७,२५३. वाचकांनीं भागाकार करून पाहावा. ब्याण्णवाव्या पायरीवर पोंचलेला मनुष्य अर्ध्या वाटेवर असतो! कारण वरच्या टप्प्यांत दर सात पायऱ्यांनीं एकूण गुणांची मागणी जवळजवळ दुप्पट होते. ज्याचें चित्त केवळ शेवटच्या आंकड्यावर आहे, त्यानें हें गणित ऐकून कपाळाला हात लावावा. परंतु नदीकांठीं उभें राहून मासे धरण्यांत व येणाऱ्याजाणाऱ्याशीं चार गोष्टी करण्यांत ज्याला सुख आहे, त्याला या गणिताचें भय नाहीं.

आतां घाई करणाऱ्यांची बाजू ऐकली पाहिजे. ती अगदींच पोकळ नाहीं. आमच्या भाच्यानें ती एका वाक्यांत मांडली. तो म्हणाला, “मामा, माझे सगळे मित्र वर आहेत; मी एकटा खालीं काय करूं?” नोकरी करून रात्रीं एक तास ज्याच्या हातीं उरतो, त्याला त्या तासांत मित्रांची संगत हवी असते. त्याची घाई ही लोभाची नसते, मैत्रीची असते. शिवाय शिखरावरचा खेळही कमी कसाचा नाहीं. चाळीस माणसांनीं आपापलें काम क्षणाचाही विलंब न लावतां करावें, एकाची चूक दुसऱ्यानें सांवरून घ्यावी, हरल्यावर पुन्हां उभें राहावें, यांत शिस्त आहे आणि तिचा आनंदही आहे. आपल्याकडे आळंदीहून पंढरीची वाट कोणी आठरा-वीस दिवस पायीं चालतो, कोणी म्हातारपणामुळें किंवा रजेच्या अडचणीमुळें एस. टी.नें जातो. गाडीनें गेलेल्यास कोणी अभक्त म्हणत नाहीं. मात्र पायीं गेलेला वाखरीच्या तळावर सोबत्याच्या गळ्यांत पडून रडतो तें कां, हें गाडीनें गेलेल्यास समजावून सांगतां येत नाहीं.

या घाईचा व्यापार सुरू झाला, तेथें मात्र आमचें मन साशंक होतें. २०१४ मध्यें ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चालकांनीं ६० डॉलर घेऊन वीराला एकदम ९० व्या पायरीवर बसविण्याची सोय केली. इतर खेळांतही अशा सोयी निघाल्या आहेत. ज्यांनीं वाट बांधली, त्यांनींच ती चुकविण्याचे पैसे घ्यावे, हें मोठें विलक्षण आहे. एक तर वाट रमणीय आहे, मग ती चुकविण्यास पैसे कशाला? किंवा ती कंटाळवाणी आहे, मग ती तशी बांधली कोणीं? खरें सांगावयाचें तर कित्येक ठिकाणीं ती कंटाळवाणी असतेच. दहा रानडुकरें मारून ये, मग आणखी दहा मारून ये, अशा कामांत रस कोणास वाटावा? या प्रकाराची थट्टा २००२ सालच्या ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ नांवाच्या खेळानें उत्तम केली आहे. त्यांत खेळाडूनें एकदां आपल्या वीराला नांव देऊन जात-धंदा ठरवून दिला, कीं पुढें कांहींच करावयाचें नसतें. वीर आपला आपण लढतो, पायऱ्या चढतो, आणि खेळाडू नुसती वर सरकणारी रेघ पाहत बसतो. केवळ आंकडा वाढण्यांतच सुख असेल, तर याहून परिपूर्ण खेळ नाहीं.

आमच्या भाच्यानें एका खेळांत अशीच एक उडी विकत घेतली होती. त्याचा वीर जखमा बऱ्या करणारा वैद्य होता. एका रात्रींत तो शेवटच्या पायरीवर आला आणि त्याच्यापुढें पंचवीस-तीस मंत्र एकदम मांडले गेले. कोणता मंत्र घाईच्या वेळचा, कोणता दमानें वापरावयाचा, कशानें आपली शक्ति लवकर संपते, हें त्याला ठाऊक नव्हतें. पहिल्याच स्वारींत त्याचे चारही सोबती मेले, आणि एक शब्दही न बोलतां त्यांनीं त्याला टोळींतून काढून टाकलें. आठ दिवस तो त्या खेळाकडे फिरकला नाहीं. नंतर त्यानें नवा वीर घेतला व पहिल्या पायरीपासून आरंभ केला. चार महिने लागले. आज प्रत्येक मंत्र त्याला कोठें मिळाला, कोणत्या संकटांत उपयोगी पडला, हें तो सांगूं शकतो. आणि आतां त्याला टोळींतून कोणी काढीत नाहीं.

हें ऐकतांना आमच्यासमोर आमचा वर्ग उभा राहिला. परीक्षेपुरतीं भाषांतरें गाईडांतून पाठ करणारा मुलगा आणि रूपावलि, संधि, समास या क्रमानें आलेला मुलगा, यांच्या गुणांत पुष्कळदां अंतर पडत नसे. कधीं कधीं पहिल्यालाच दोन गुण अधिक मिळत. अंतर पडे तें पुढें. शाळा सोडून दहा वर्षें झाल्यावर न पाहिलेला श्लोक समोर ठेवला, तर दुसरा त्याचा पदच्छेद करूं लागतो आणि पहिला हंसून सोडून देतो. पायरी ही केवळ उंची मोजण्याची खूण नसते. एका वेळीं एकच नवी गोष्ट हातीं यावी आणि ती अंगवळणीं पडल्यावर दुसरी यावी, अशी ती शिकविण्याची युक्ति आहे. चांगल्या खेळाची रचना करणारा मनुष्य नकळत शिक्षकच असतो.

घाईचा आणखी एक परिणाम असा, कीं सारेच वर धांवले म्हणजे खालचे प्रदेश ओस पडतात. नव्या वाटसरूला रस्त्यांत कोणी भेटत नाहीं, आणि मग त्यालाही पळत सुटण्यावांचून गति राहत नाहीं. कांहीं रचनाकारांनीं यावर विचार केलेला दिसतो. २०१२ मध्यें निघालेल्या ‘गिल्ड वॉर्स टू’ने शेवटची पायरी ८० वी ठरविली व ती पुढें वाढविली नाहीं, आणि वरचा वीर खालच्या प्रदेशांत गेला, तर त्याचें बळ तेथल्या मापानें आपोआप कमी होईल अशी योजना केली. २०१३ मध्यें नव्यानें उभारलेल्या ‘फायनल फॅन्टसी फोर्टीन’ मध्यें जुन्या खेळाडूंनीं रोज खालच्या गुहांत उतरून नवख्यांना साथ द्यावी म्हणून बक्षीस ठेविलें आहे. मोठ्यांनीं धाकट्यांचा हात धरावा ही साधी गोष्ट. तिलाही लालूच लावावी लागते, हें खरें असलें तरी ती घडते हें महत्त्वाचें.

चढणीची गोडी लोकांत अजून शिल्लक आहे, याचे दाखले आहेत. २०१९ च्या ऑगस्टांत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची मूळची, ६० पायऱ्यांची संथ आवृत्ति पुन्हां सुरू करण्यांत आली, तेव्हां प्रवेशासाठीं लांबच लांब रांगा लागल्या. २०२३ च्या ऑगस्टांत तिचाच एक कडक प्रकार निघाला: त्यांत वीर एकदां मेला, कीं पुन्हां उठत नाहीं, पहिल्या पायरीपासून नवा आरंभ. एक चुकीचें पाऊल आणि महिन्यांची चढण व्यर्थ! तरीही लोक तो खेळतात, आणि सांवकाश, पाऊल तपासून खेळतात. त्याच खेळांतील एका निराळ्या खेळाडूची हकिकत आम्हांला सर्वांत आवडली. २०१२ मध्यें तेथें पांडाच्या रूपाचे वीर आले. त्यांचा जन्म एका प्रचंड कासवाच्या पाठीवरील बेटावर होतो, आणि दोन वैरी पक्षांपैकीं एक निवडून त्यांना तें बेट सोडावें लागतें. या खेळाडूनें पक्ष निवडलाच नाहीं. तो त्या बेटावरच राहिला, वनस्पती खुडीत व खनिजें खणीत राहिला, आणि एवढ्या भांडवलावर तो त्या काळच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढला! शिखरावर पोंचून त्यानें काय केलें असेल? बहुधा आणखी फुलें तोडलीं असतील.

आपल्या घरांतील मुलें व तरुण हे खेळ खेळणारच. तेव्हां वडील मंडळींस आमची एवढीच सूचना आहे, कीं मुलाची विचारपूस करावयाची झाल्यास “कितव्या लेव्हलला पोंचलास?” असें विचारूं नये. तो प्रश्न त्याला शाळेंतील टक्केवारींत व कचेरींतील पगारांत पुष्कळ ऐकावा लागतो. त्याऐवजीं आज कोठें हिंडलास, बरोबर कोण होतें, नवें काय शिकलास, असें विचारावें, आणि तो सांगूं लागला तर पंधरा मिनिटें ऐकून घ्यावें. ज्याला सांगण्यासारखें कांहीं असेल, त्याचा वेळ फुकट गेला नाहीं असें समजण्यास हरकत नाहीं. आणि तो आंकड्याशिवाय कांहींच सांगूं शकला नाहीं, तर त्या दिवशीं त्याला खेळावरून उठवून जेवावयास बोलवावें.