दादाची जागा

एक फुटबॉल स्पर्धा अशी आहे की तिच्यात खेळाडूला आयुष्यात एकदाच उतरता येतं. कितीही गोल करा, पुढच्या वर्षी संघात जागा नाही. तिचं नाव होमलेस वर्ल्ड कप. बेघर असलेल्या, व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या, समाजाच्या काठावर फेकल्या गेलेल्या माणसांसाठी मेल यंग आणि हाराल्ड श्मीड यांनी ती 2001 मध्ये कल्पिली आणि 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिल्यांदा भरवली. मैदान 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, म्हणजे आपल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगएवढं. एका बाजूला चौघंच, त्यातला एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. कडेने फळ्या असतात, त्यामुळे चेंडू फारसा बाहेर जात नाही. इतक्या छोट्या मैदानात मागे राहून वेळ काढणं जमतच नाही, चेंडू प्रत्येकाच्या पायाशी येतो. आणि एकदाच खेळण्याची अट अशासाठी, की त्या खेळाडूने इथून ताठ मानेने घरी जावं, तिथे काहीतरी उभं करावं आणि त्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळावी.

या स्पर्धेपर्यंत भारतातली मुलं पोचली ती नागपूरमुळे.

विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. 2001 च्या पावसाळ्यात त्यांना झोपडपट्टीतली काही मुलं चिखलात एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की मैदानात असेपर्यंत ही मुलं बाकी सगळ्या भानगडींपासून लांब असतात. एवढ्या साध्या निरीक्षणावर त्यांनी 2002 मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा घेतली. 128 संघ आले. एका शहराच्या वस्त्यांमधून एवढे संघ उभे राहतात, यावरून खेळाची भूक केवढी होती ते दिसतं. यातून क्रीडा विकास संस्था उभी राहिली, जग तिला ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखतं. निवृत्तीनंतर हातात आलेले पैसे बारसेसरांनी याच कामात घातले. मुलगा अभिजित अमेरिकेतलं काम सोडून परत आला आणि त्याने संस्थेची घडी बसवली. 2007 मध्ये कोपनहेगनच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा संघ उतरला. 2016 मध्ये फिफाने आपला पहिला विविधता पुरस्कार याच संस्थेला दिला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ 2022 मध्ये आला आणि बारसेसर घराघरात पोचले, अमिताभ बच्चन यांच्या चेहऱ्याने.

चित्रपटामुळे माणूस कळला याचा आनंद आहे. पण मला त्या माणसाइतकीच त्याची पद्धत मोलाची वाटते, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. अखिलेश पॉल हे नाव त्यासाठी आठवायला हवं. आपण गुन्हेगारीच्या वाटेला लागलो होतो, हे त्यांनी 2014 मध्ये ‘सत्यमेव जयते’च्या मंचावरून साऱ्या देशासमोर सांगितलं. 2010 च्या रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये त्यांनी भारताचं नेतृत्व केलं. त्यानंतर ते स्वतः मुलांना शिकवू लागले. स्लम सॉकरचे कितीतरी प्रशिक्षक असेच आहेत, काल त्याच मैदानावर खेळलेले. नव्या मुलासमोर उभा राहणारा माणूस त्याच्याच बोलीत बोलतो, पोलीस दारात आल्यावर आईचा चेहरा कसा होतो हे त्याला ठाऊक असतं, आणि आता तो सकाळी वेळेवर मैदानावर येतो. उपदेशाने जे पोचवता येत नाही, ते त्याच्या नुसत्या तिथे असण्याने पोचतं.

हीच गोष्ट दक्षिण आफ्रिकेत समुद्रात घडते. केपटाऊनच्या बाहेरच्या वस्त्यांमध्ये टोळ्यांची हिंसा बघत मुलं मोठी होतात. तिथे टिम कॉनिबेअर या इंग्रज सर्फरने 2011 मध्ये ‘वेव्ह्ज फॉर चेंज’ ही संस्था सुरू केली. मुलांना नियमित समुद्रावर न्यायचं, सर्फबोर्डवर उभं राहायला शिकवायचं आणि त्याबरोबर राग, भीती, झोप उडवणाऱ्या आठवणी कशा हाताळायच्या हेही शिकवायचं. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ‘वेव्ह प्रोजेक्ट’ 2010 मध्ये सुरू झाला, तोही सरकारी आरोग्यसेवेच्या मदतीने. आपल्याकडे केरळात कोवलमला 2005 पासून एक सर्फ क्लब आहे. शाळा सोडलेल्या मुलांसाठी त्याचा नियम एकच: शाळेत गेलात तरच लाटेवर.

लाटेत असं काय आहे? एक म्हणजे ती समोर आली की डोक्यात दुसरं काही उरत नाही. घरातलं भांडण, कोर्टाची तारीख, कुणाचा तरी सूड, सगळं त्या काही क्षणांपुरतं बाजूला पडतं. ज्या मुलाचं मन चोवीस तास सावध असतं त्याला ही विश्रांती क्वचितच मिळते. दुसरं, पडणं. सर्फिंगमध्ये सगळेच पडतात, आणि हसणारा पुढच्याच लाटेला पाण्यात असतो, म्हणून पडण्याची लाज निघून जाते. आणि भीती तिथे खरी असते, पण शेजारी कमरेएवढ्या पाण्यात कुणीतरी बोर्ड धरून उभं असतं. घाबरलेला असताना आपल्याला कुणी सोडून गेलं नाही, हा अनुभव या मुलांपैकी अनेकांना आधी कधी आलेलाच नसतो. आणि केपटाऊनमध्येही बोर्ड धरणारा तो माणूस बहुतेक वेळा त्याच वस्तीतला तरुण असतो, संस्थेने शिकवून तयार केलेला.

पुण्यात कात्रजला राहून हे लिहिताना समुद्र फार लांब आहे हे खरं, पण ज्या मुलांबद्दल बोलतो आहोत ती लांब नाहीत. गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयता हा शब्द शेतातून निघून बातम्यांत आला. हातात कोयता घेऊन दुचाकीवरून फिरणारी, गाड्यांच्या काचा फोडणारी आणि त्याचे रील टाकणारी मुलं पकडली जातात, तेव्हा त्यांतली कितीतरी अठराच्या आतली निघतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याने त्यांच्यासाठी बाल न्याय मंडळ आणि निरीक्षणगृह दिलं आहे, सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाटही ठेवली आहे. पण निरीक्षणगृहातून सुटलेला मुलगा घरी येतो म्हणजे त्याच चौकात येतो. तिथे त्याची वाट बघणारा एकच असतो: त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बुलेटवरचा, ज्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागलेला असतो. तो दादा मुलाला नावाने ओळखतो, खायला घालतो, भांडणात त्याच्या बाजूने उभा राहतो. धोका देतो, थरार देतो, नाव देतो. वयात येणाऱ्या मुलाला जे जे हवं असतं ते सगळं त्याच्याकडे आहे, आणि बदल्यात तो पोराचं आयुष्य मागतो.

म्हणून समुपदेशनाचा तास आणि पोलिसांची समज दोन्ही अपुरी पडतात. ती वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, ती हवीतच. पण त्या दादाची जागा ती घेऊ शकत नाहीत. नागपूरने आणि केपटाऊनने बरोबर ती जागा हेरली. चेंडू आणि लाट मुलाला यायला लावतात. त्याला टिकवून धरतो तो त्याच गल्लीतला दुसरा दादा, आणि तो दर आठवड्याला येतो.

कात्रजकडे डोंगर आहेत. जुन्या बोगद्यापाशी वाघजाईच्या देवळाकडून निघालं की टेकड्यांमागून टेकड्या पार करत सिंहगडाच्या बाजूला उतरता येतं. पुण्यातले ट्रेकर हा रस्ता रात्री चालतात आणि त्याला ‘केटूएस’ म्हणतात. लाटेकडे जे आहे ते या वाटेवर बरंचसं आहे. उतारावरचा घसारा पायाखालून निघतो तेव्हा डोक्यात दुसरं काही राहत नाही. सगळेच घसरतात, सगळ्यांचेच हात खरचटतात. मोबाइलची रेंज जाते, बघायला प्रेक्षक नसतो. आणि या शहरात डोंगर शिकवणारी माणसंही आहेत: 1982 मध्ये स्थापन झालेल्या गिरिप्रेमी संस्थेने 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली आपले गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचवले.

मात्र वर्षातून एकदा पन्नास मुलांना टोप्या वाटून केटूएस करवणं आणि फोटो छापणं, असं कुणी करणार असेल तर न केलेलं बरं. जो माणूस एकदा येऊन परत येत नाही, त्याच्यासारखी बरीच माणसं या मुलांनी आधीच बघितली आहेत. बोगद्यावरच्या पहिल्या दोन टेकड्या पुरतात, पण त्या दर रविवारी हव्यात, पावसात आणि परीक्षेच्या दिवसांतही. सुरुवातीला दहाच मुलं असावीत. निरीक्षणगृहातून आलेला आणि कधीच न गेलेला, दोघं एकाच रांगेत चालावेत, कोण कुठला हे विचारू नये. आणि वर्षभराने त्या दहांतल्या दोघा-तिघांना पगार देऊन शिकवण्याचं काम द्यावं, कारण केपटाऊन आणि नागपूर या दोन्ही ठिकाणी खरी उभारी तिथून मिळाली.

डोंगरात चालणाऱ्या गटात एक काम असतं, ज्याला पिछाडी सांभाळणं म्हणतात. सर्वांत दमलेल्या माणसाच्याही मागे राहायचं, त्याला पुढे ढकलायचं नाही, एकटं सोडायचंही नाही, त्याचं पाणी संपलं तर आपलं द्यायचं. शक्यतो हे काम गटातल्या सर्वांत दणकट माणसाकडे देतात. चौकात ज्याच्या ताकदीला सगळे भितात, त्या मुलाला पहिल्याच महिन्यात ते द्यावं.